झेब्रा क्रॉसिंगवर गाडी थांबली पाहिजे: छोट्या शहरात हा नियम अमलात कसा आणायचा

झेब्रा क्रॉसिंगवर माणूस असेल तर गाडी थांबवायची, हा नियम नवा नाही. १९६८ च्या व्हिएन्ना रस्ते-वाहतूक कराराच्या २१ व्या कलमात तो स्पष्ट लिहिलेला आहे: क्रॉसिंगजवळ येताना वेग इतकाच ठेवायचा, की त्यावरून चालणाऱ्या किंवा चालायला निघालेल्या माणसाला धोका होणार नाही; गरज पडली तर थांबायचं. तरीही असंख्य शहरांत चित्र एकच दिसतं. माणूस काठावर ताटकळत उभा आणि गाड्या एकामागून एक निघून चाललेल्या. क्रॉसिंगवर थांबलं नाही तर काही होत नाही, हे चालकांना रोजच्या अनुभवाने पक्कं ठाऊक झालेलं असतं.

त्याची किंमत पायी चालणारा मोजतो. अमेरिकेतल्या अपघातांच्या नोंदींवरून काढलेला हिशेब असा: ताशी ३७ किलोमीटर वेगाच्या गाडीची धडक बसली तर पादचारी दगावण्याची शक्यता साधारण १० टक्के, ५१ किलोमीटरला २५ टक्के आणि ६८ किलोमीटरला ५० टक्के. म्हातारी माणसं याहून बरीच नाजूक असतात. तिशीतल्या माणसाला ज्या वेगाला जेवढा धोका, तेवढाच धोका सत्तरीतल्या माणसाला ताशी सुमारे १९ किलोमीटर कमी वेगालाच असतो.

हा लेख छोट्या शहराच्या वाहतूक पोलिसांसाठी, पालिकेतल्या अभियंत्यांसाठी आणि त्यांच्या मागे लागून हे काम करवून घेऊ पाहणाऱ्या नागरिकांसाठी आहे. छोट्या शहराला इथे मोठा फायदा आहे. रोज त्याच रस्त्यांवरून तेच चालक जातात, त्यामुळे मोजक्या क्रॉसिंगवर नीट कारवाई झाली तरी ती सगळ्यांच्या नजरेत भरते. फ्लोरिडातल्या गेन्सव्हिल शहरात हेच करून पाहिलं गेलं. रॉन व्हॅन हाउटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. कारवाई झालेल्या क्रॉसिंगवर चाचणीसाठी रस्ता ओलांडणाऱ्यांना वाट देणाऱ्या चालकांचं प्रमाण ३२ टक्क्यांवरून ६२ टक्क्यांवर गेलं, आणि नेहमीच्या पादचाऱ्यांच्या बाबतीत ४५ वरून ८३ वर. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा आकडा: जिथे एकही पोलीस उभा राहिला नव्हता, अशा क्रॉसिंगवरही चाचणीच्या पादचाऱ्यांसाठी हे प्रमाण ३७ वरून ५९ टक्के झालं.

म्हणून या कामाचं मोजमाप एकच ठेवा: शंभरातले किती चालक थांबतात. किती पावत्या फाडल्या, हा आकडा वरिष्ठांना द्यावा लागेल तेव्हा द्या, पण त्यावर काम तोलू नका. मोहीम खरोखर यशस्वी झाली तर पावत्या कमी होत जातात.

पहिलं काम: कायदा शब्दन् शब्द वाचा

आपल्या भागात लागू असलेला नियम काढा आणि त्यात तीन गोष्टी शोधा. एक, चालकाने ‘थांबायचं’ आहे की नुसती ‘वाट द्यायची’ आहे? वाट देण्यात वेग कमी करून माणसाला जाऊ देणंही बसतं. थांबण्यात चाकं थांबलीच पाहिजेत. दोन, पादचाऱ्याचा हक्क कधी सुरू होतो? पाऊल रस्त्यावर पडल्यावर, की काठावर वाट पाहत असतानाच? ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या रस्त्यावरच्या नियमांच्या पुस्तकात, जानेवारी २०२२ मध्ये बदल झाले; तेव्हापासून झेब्रा क्रॉसिंगवर आलेल्या माणसाला वाट देणं सक्तीचं आणि काठावर थांबलेल्याला वाट देणं अपेक्षित, असा फरक तिथे आहे. तुमच्याकडेही असा फरक असेल, तर कारवाई फक्त सक्तीच्या भागावर होऊ शकते. तीन, रुंद रस्त्यावर माणूस पलीकडच्या बाजूला असेल, तर अलीकडच्या चालकाने थांबायचं का?

याला लागून आणखी तरतुदी असतात. क्रॉसिंगपाशी थांबलेल्या गाडीला मागून येऊन ओलांडून जाणं, क्रॉसिंगला खेटून गाडी उभी करणं, हिरव्या दिव्यावर वळताना सरळ चालणाऱ्या माणसाला वाट न देणं. यांची कलमं वेगवेगळी असली तरी एकाच कागदावर लिहून ठेवा. ‘गुन्हा कधी धरायचा आणि कधी सोडून द्यायचं’ हे त्या एका पानात यायला हवं. पुढे वाद होईल तेव्हा पथकातल्या प्रत्येकाचं उत्तर सारखंच असलं पाहिजे.

दुसरं काम: आधी मोजा

मोजणी केल्याशिवाय कारवाई सुरू करू नका. सहा महिन्यांनी कुणी विचारलं, ‘काय फरक पडला?’ तर ‘बराच फरक वाटतोय’ हे उत्तर चालत नाही.

मोजणीचा गाभा म्हणजे एक अंतर. क्रॉसिंगपासून गाडी किती लांब असताना माणसाने पाऊल टाकलं, तर चालकाला आरामात थांबता आलं असतं? सिग्नलचा पिवळा दिवा किती वेळ ठेवायचा हे ठरवण्यासाठी अभियंते जे गणित करतात, तेच इथे लावायचं. चालकाला पाहून ब्रेकवर पाय ठेवायला एक सेकंद द्यायचा, आणि मग सौम्य ब्रेक, म्हणजे दर सेकंदाला साधारण ३ मीटर प्रतिसेकंद इतका वेग कमी होईल असा. सपाट, कोरड्या रस्त्यावर उत्तरं अशी येतात:

ताशी ३० किलोमीटर वेगाला सुमारे २० मीटर
ताशी ४० किलोमीटर वेगाला सुमारे ३१ मीटर
ताशी ५० किलोमीटर वेगाला सुमारे ४६ मीटर
ताशी ६० किलोमीटर वेगाला सुमारे ६२ मीटर

हे अंतर टेपने मोजा आणि रस्त्याच्या कडेला ठळक खूण करा: रंगाचा पट्टा, शंकू किंवा छोटं निशाण. उतार असेल तर अंतर वाढवा. माझं मत विचाराल, तर वेगमर्यादेपेक्षा ताशी १० किलोमीटर जास्त धरून अंतर काढा. म्हणजे मर्यादा ४० असेल तर खूण ४६ मीटरवर. चालकाला दिलेली ही सवलत पुढे तुमच्याच बाजूने बोलते, कारण तिच्यानंतरही न थांबलेल्या चालकाला ‘वेळच मिळाला नाही’ असं म्हणता येत नाही.

मग मोजणी सोपी आहे. दोन माणसं पुरतात. एक जण क्रॉसिंगवर येतो, गाडी खुणेच्या मागे असतानाच एक पाऊल रस्त्यावर ठेवून थांबतो. दुसरा कागदावर लिहितो: पहिली गाडी थांबली की गेली, किती गाड्या गेल्यावर वाट मिळाली, कुणी थांबलेल्या गाडीला ओलांडून गेलं का, आणि पादचाऱ्याला मागे उडी मारावी लागली का. पाऊल पडलं तेव्हा खुणेच्या आत आलेली गाडी धरायचीच नाही. एका वेळी २० वेळा ओलांडायचं, वेगवेगळ्या दिवशी तीन-चार वेळा यायचं. त्याच जागी नेहमीच्या पादचाऱ्यांचीही नोंद ठेवा, कारण तेच खरं चित्र. दोन मोजणीदार एकाच वेळी वेगवेगळं लिहून शेवटी कागद ताडून पाहतील, असं एखाद्या वेळी मुद्दाम करा. त्यांचं जमत नसेल तर व्याख्या अजून ढिली आहे.

जागा निवडताना

सगळ्या शहरात एकदम उतरू नका. सहाएक क्रॉसिंग पुरेत. जिथे अपघात झाले आहेत, जिथे शाळा, दवाखाना, बसथांबा किंवा बाजार आहे, जिथे वयस्कर माणसं जास्त चालतात, त्या आधी. शिवाय गाडी बाजूला घेऊन चालकाशी बोलायला सुरक्षित जागा क्रॉसिंगच्या पुढे असली पाहिजे. ती नसेल तर ती जागा कितीही धोकादायक असली तरी या पद्धतीने हाताळता येणार नाही.

तेवढ्याच संख्येने आणखी काही क्रॉसिंग निवडा आणि तिथे फक्त मोजा, कारवाई करू नका. शहराची सवय बदलते आहे की केवळ पोलीस दिसतो तिथे ब्रेक लागतोय, हे तिथूनच कळतं.

क्रॉसिंग स्वतः नियमात आहे का?

पट्टे पुसट झालेले, पाटी झाडामागे लपलेली, कोपऱ्यावर मालवाहू गाडी उभी. अशा जागी चालकाला दंड करणं अन्यायाचं आहे आणि तो न्यायालयात टिकतही नाही. पट्टे रंगवा, फांद्या छाटा, दिवा लावा. रात्री क्रॉसिंगवरचा माणूस चालकाला समोरून उजळलेला दिसला पाहिजे, त्यामुळे खांब क्रॉसिंगच्या बरोबर वर नसून गाड्या येतात त्या बाजूला थोडा अलीकडे असावा.

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित उपाय म्हणजे क्रॉसिंगच्या अलीकडची पाच-सहा मीटर जागा मोकळी ठेवणं. तिथे गाडी उभी राहिली की लहान मूल बॉनेटच्या आड पूर्ण झाकलं जातं. न्यू जर्सीतलं होबोकेन हे साधारण ६० हजार वस्तीचं शहर. तिथे कोपरे मोकळे करण्याचं काम वर्षानुवर्षं चिकाटीने केलं गेलं, जोडीला वेगमर्यादा कमी केली, आणि जानेवारी २०१७ नंतर कित्येक वर्षं तिथे वाहतूक अपघातात एकही बळी गेला नाही. नुसत्या रंगाने आणि खांबांनी मोकळा केलेला कोपरा एवढं करू शकतो, हे छोट्या शहरांनी मनावर घ्यावं.

एकाच दिशेला दोन किंवा जास्त लेन असतील तर एका प्रसंगाचा वेगळा विचार करावा लागतो. जवळच्या लेनमधला भला चालक थांबतो. माणूस निर्धास्त होऊन चालू लागतो. थांबलेली गाडी त्याच्या आणि दुसऱ्या लेनच्या मधोमध पडद्यासारखी उभी असते, आणि त्या लेनमधून कुणी तरी वेग न कमी करता येतो. दोघांना एकमेक दिसतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. उपाय म्हणजे थांबारेषा क्रॉसिंगला चिकटून न आखता ६ ते १५ मीटर अलीकडे आखणं आणि ‘पादचाऱ्यांसाठी इथे थांबा’ अशी पाटी लावणं. गाडी मागेच थांबली की दुसरी लेन उघडी दिसते.

अमेरिकेत ३० शहरांतल्या एक हजार पट्टे आखलेल्या आणि एक हजार न आखलेल्या जागांची तुलना २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. दिवसाला १२ हजारांहून जास्त गाड्या जाणाऱ्या, अनेक लेनच्या रस्त्यांवर नुसते पट्टे आखलेल्या ठिकाणी अपघातांचं प्रमाण पट्टे नसलेल्या ठिकाणांपेक्षा जास्त निघालं. असा रस्ता तुमच्या यादीत असेल, तर तो पोलिसांवर सोडू नका. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

पथक

पाच माणसं लागतात: साध्या वेशातला पादचारी, लांबून पाहणारा निरीक्षक, गाड्या थांबवणारे दोघे, आणि नोंदी व चित्रीकरण सांभाळणारा एक. एवढं बळ नसेल तर चार जणांत भागवता येतं, पण निरीक्षक आणि पादचारी एकच माणूस कधीच नको. ओलांडणाऱ्याने फक्त स्वतःचा जीव सांभाळायचा.

अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण मोकळ्या मैदानात घ्या. खूण आखा, पथकातलाच एक जण गाडी चालवेल, आणि प्रत्येकाने प्रत्येक भूमिका करून पाहायची. ज्यांच्यासमोर ही प्रकरणं जातील, त्या सरकारी वकिलांना पद्धत आधीच समजावून सांगा आणि त्यांच्या शंका तेव्हाच लिहून घ्या.

आधी जाहीर करा, मग समज द्या, मग दंड

लपून पकडायचं काम हे नाही. दोन आठवडे आधीपासून तारखा आणि क्रॉसिंगची नावं जाहीर करा. वर्तमानपत्रं, शाळांचे पालक-गट, बसचालकांचे आगार, माल पोचवणाऱ्या कंपन्यांचे व्यवस्थापक, ड्रायव्हिंग स्कूल, सगळीकडे. ‘मग पकडले कोण जाणार?’ असा प्रश्न हमखास येतो. उत्तर सोपं आहे: सूचना देऊनही थांबले नाहीत ते. आणि सूचना वाचून थांबले, तर आपलं काम पावतीविनाच झालं.

लोकांच्या डोळ्यांत भरेल असं काही करायला लाजू नका. कोलंबियाची राजधानी बोगोटा इथले महापौर अँटानस मॉकस यांनी १९९० च्या दशकात क्रॉसिंगवर चक्क मूकाभिनय करणारे कलाकार उभे केले. पट्ट्यांवर गाडी चढवणाऱ्या चालकाची ते भर रस्त्यात नक्कल करत, आणि शहर ते पाहायला थांबे. दंडापेक्षा चारचौघांत नजरेला नजर द्यावी लागणं कधीकधी जास्त परिणाम करतं.

पहिला आठवडा फक्त समज देण्याचा. मायामी बीचमध्ये झालेला, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग याच धाटणीचा होता: साध्या वेशातले पादचारी, थांबवलेल्या बहुतेक चालकांना माहितीपत्रक आणि लेखी समज, आणि उघड उघड मोडणाऱ्यांना दंड. समज देण्यात वेळ कमी जातो, त्यामुळे तासाभरात कितीतरी जास्त चालकांशी बोलणं होतं. तिथला परिणाम पुढे वर्षभर अगदी थोड्या कारवाईवर टिकून राहिला.

प्रत्यक्ष कारवाई

वेळ निवडा ती उजेडाची, रस्ता कोरडा असताना, आणि गर्दीच्या ऐन तासाच्या जरा आधी किंवा नंतर. कोंडीत गाड्या तशाही रेंगाळत असतात, त्यामुळे उल्लंघन ठरवणं अवघड जातं आणि गाडी बाजूला घेणं धोक्याचं होतं. एका जागी दीड तास पुरे. मग पुढच्या क्रॉसिंगवर जा.

क्रॉसिंगच्या अलीकडे ‘पादचारी नियम-तपासणी सुरू आहे’ असा फलक लावा. हो, फलक. उद्देश दिसण्याचाच आहे.

साध्या वेशातल्या पोलिसाचे कपडे खरोखर साधे असावेत. चमकणारं जाकीट नको, सावलीत मिसळून जाणारा गडद रंगही नको. तो काठावर येतो आणि येणाऱ्या गाडीकडे तोंड करून उभा राहतो. हातात फोन नाही, कानात काही नाही. गाडी खुणेच्या मागे आहे, मधे दुसरं वाहन नाही, अशी वेळ साधून तो पट्ट्यावर एक पाऊल ठेवतो. एकच पाऊल. धड अजून काठाशीच आहे, नजर चालकाच्या चेहऱ्यावर. आता पुढच्या दोन सेकंदांत सगळं कळतं. गाडीचं नाक किंचित खाली झुकलं, तर ब्रेक लागला आहे. नाक तसंच राहिलं, तर पाऊल मागे घ्यायचं. गाडीला अडवायला पुढे जायचं नाही, हात आडवा करायचा नाही, हटकायचं नाही. गाडी थांबली तर हात उंचावून आभार मानायचे आणि चालायचं. मात्र दुसऱ्या लेनच्या तोंडाशी पुन्हा थांबून डोकावून पाहायचं. थांबणाऱ्या चालकाला मिळालेली ती दाद हा या मोहिमेचाच भाग आहे, ती विसरू नका.

निरीक्षक अशा जागी उभा असतो, जिथून त्याला खूण आणि पाऊल दोन्ही एकाच नजरेत दिसतात. तो बिनतारी संचावर ठरलेल्या क्रमाने बोलतो: गाडीचा रंग, प्रकार, लेन, ‘पाऊल पडलं तेव्हा खुणेच्या मागे होती, थांबली नाही’. हे वाक्य पूर्ण आलं नाही तर पुढच्या दोघांनी गाडी थांबवायची नाही. शंका असेल तर सोडून द्या. एक चुकीची पावती गावभर फिरते आणि शंभर बरोबर पावत्यांवर पाणी पाडते.

चालकाशी बोलणं छोटं ठेवा. ‘तुम्ही क्रॉसिंगपासून इतके मीटर लांब होता, माणसाचं पाऊल पट्ट्यावर होतं, तुम्ही थांबला नाहीत.’ एवढं सांगून पत्रक हातात द्या. उत्तरं ठरलेली येतात. ‘दिसलाच नाही’ असं कुणी म्हणालं, तर तो धोक्याचाच पुरावा आहे. क्रॉसिंग दिसलं की माणूस शोधायचा, हेच चालकाचं काम. ‘मागची गाडी येऊन आदळली असती’ याला अंतराचं गणित दाखवा: सौम्य ब्रेकने थांबता आलं असतं, करकचून दाबायची गरज नव्हती. ‘त्याने हात दाखवला नाही’ असं म्हटलं, तर कायद्यात ती अट आहे का ते सांगा, वाद वाढवू नका. आवाज चढवायचा नाही.

दोन प्रकारांत मात्र समज देऊन सोडू नका, अगदी पहिल्या आठवड्यातही: थांबलेल्या गाडीला ओलांडून पुढे गेलेला, आणि क्रॉसिंगवर माणूस असताना वेग वाढवलेला.

पुरावा

कॅमेरा पादचाऱ्याच्या मागे, थोडा उंचावर लावा. पाऊल, पट्टे आणि खूण एकाच चौकटीत आली पाहिजेत. गाडीचा नंबर दुसऱ्या कॅमेऱ्याने टिपता येतो. प्रत्येक क्रॉसिंगचा हाताने काढलेला नकाशा, मोजलेलं अंतर, मोजणाऱ्याची सही, त्या दिवशीचं हवामान, पाट्यांचे फोटो हे सगळं एका पाकिटात. हे काम सुरुवातीलाच केलं, तर न्यायालयातलं पहिलंच प्रकरण नीट उभं राहतं, आणि त्या पहिल्या प्रकरणावर पुढची पुष्कळशी अवलंबून असतात.

आकडा लोकांसमोर ठेवा

सेंट पॉल या मिनेसोटातल्या शहरात २०१८ च्या सुमारास रस्त्याकडेला निळ्या पाट्या उभ्या केल्या गेल्या. त्यांवर दोनच गोष्टी होत्या: गेल्या आठवड्यात किती टक्के चालक पादचाऱ्यांसाठी थांबले, आणि आजवरचा उच्चांक. मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी पोलिसांच्या कारवाईबरोबर ही जोड दिली होती. सुरुवातीला तिथे तीन चालकांतला जेमतेम एक थांबत होता; शेवटी जवळपास चारांतले तीन थांबू लागले. शहर मोठं असलं तरी ही युक्ती छोट्या शहरात आणखी चांगली चालेल असं मला वाटतं. पाटीला खर्च नगण्य, आणि आकडा दर आठवड्याला बदलतो म्हणून लोक तिच्याकडे पाहत राहतात. त्यासाठी मोजणी मात्र चालू राहिली पाहिजे, आणि आकडा घसरला तर घसरलेलाच लावला पाहिजे.

एकदा करून सोडू नका

गेन्सव्हिलमध्ये वर्षभरात दोन-दोन आठवड्यांच्या चार फेऱ्या झाल्या, आणि काही वर्षांनी पुन्हा मोजलं तेव्हाही सुधारणा टिकून होती. छोट्या शहराला हा वेग झेपतो. मधल्या काळात महिन्यातून एकदा एखाद्या क्रॉसिंगवर तासभर पथक दिसलं तरी आठवण राहते. दर फेरीत दोन जागा बदला. शाळा सुरू होण्याआधीचे दिवस आणि लवकर अंधार पडू लागतो तो काळ फेरीसाठी राखून ठेवा.

ज्यामुळे मोहीम बुडते

पायी चालणाऱ्यांना त्याच मोहिमेत दंड करू लागलात, की संदेशच पुसला जातो. त्यांच्यासाठी सूचना वेगळ्या वेळी द्या. पोलिसांच्या, पालिकेच्या आणि सरकारी गाड्या क्रॉसिंगवर थांबत नसतील, तर पहिलं पत्र त्यांच्या चालकांना गेलं पाहिजे आणि पहिल्या दिवशी त्यांनाही तोच नियम लागला पाहिजे. ओळखीचा म्हणून एक जरी सुटला, तरी लहान गावात ते लपत नाही.

आणखी एक गोष्ट. चालक सगळ्या पादचाऱ्यांना सारखी वाट देत नाहीत. अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कृष्णवर्णीय पादचाऱ्यांसमोरून गोऱ्यांच्या तुलनेत दुप्पट गाड्या न थांबता गेल्या. म्हणून चाचणीचा पादचारी नेहमी एकच धडधाकट तरुण नको. बाई, वयस्कर माणूस, काठी घेऊन चालणारा, वेगवेगळ्या राहणीमानाची माणसं आलटून पालटून उभी करा आणि आकडे वेगळे लिहा. तुमच्या शहरात कुणासाठी गाडी थांबत नाही, हे त्या कागदावर दिसेल.

जिथे आकडा हलत नाही

दोन फेऱ्या झाल्या आणि एखाद्या जागी थांबणारे चालक निम्म्याच्याही खाली राहिले, तर तिथे पोलिसांचा आणखी वेळ घालवू नका. तिथे रस्त्याची बांधणीच चालकाला वेगात जायला सांगते आहे. कागद अभियंत्याकडे द्या आणि नेमकी मागणी करा.

रस्ता अरुंद आणि वेग ५० च्या आत असेल, तर लेनच्या रेषेवर आणि दोन्ही काठांवर ‘पादचाऱ्याला वाट द्या’ अशा लवचीक, उभ्या पाट्या रोवा. चालकाला दाराच्या चौकटीतून गेल्यासारखं वाटतं आणि पाय आपोआप ब्रेकवर जातो. रहदारी जास्त असेल तर बटण दाबल्यावर वेगाने लुकलुकणारे पिवळे दिवे बसवा. फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये ते बसवल्यावर थांबणाऱ्यांचं प्रमाण २० टक्क्यांच्या आतून ८० टक्क्यांच्या आसपास गेलं. रुंद रस्त्यावर मधोमध उंच दुभाजकात थांबायला जागा करा, म्हणजे माणसाला एका वेळी एकाच दिशेच्या गाड्या पाहाव्या लागतात. शाळेसमोर क्रॉसिंगच फुटपाथच्या उंचीला उचला. आणि सिग्नलवर वळणाऱ्या गाड्यांचा त्रास असेल, तर पादचाऱ्यांचा हिरवा दिवा गाड्यांच्या ३ ते ७ सेकंद आधी लावायला सांगा. बहुतेक ठिकाणी त्यासाठी नियंत्रकातली वेळ बदलणं पुरतं.

काम झाल्यावर महिन्याभराने त्याच खुणेवर, त्याच वेळी, त्याच पद्धतीने पुन्हा २० वेळा ओलांडून मोजा, आणि तो आकडा पाटीवर लावा.